लांबी, रुंदी आणि थकबाकी

देणं कधी बुडत नाही, बुडतो तो माणूस, असं जुनी माणसं म्हणत. कर खात्याने मोठ्या मनाने ही उणीव दूर केली आहे. आता देणंही बुडतं. वसुलीविना दहा वर्षं गेली की ते कायद्याने आपोआप मरतं. तोवर माणसाने जिवंत राहायचं, एवढीच अट.

चौकातल्या फ्रेमवाल्याने ही अट मनावर घेतली होती. त्याच्याकडे खात्याचे त्रेचाळीस हजार थकले होते (मूळ कर सहा हजार, बाकी व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज). या पैशांपायी त्याच्या गाळ्याला कधीही सील लागू शकत होतं. सहा फूट बाय नऊ फुटांचा गाळा, बापाने मागे ठेवलेली एवढीच वस्तू. बायको रोज सकाळी नवऱ्याच्या आधी येऊन कुलपावर लाख तर नाही ना, हे बघून जायची.

तिचा भाऊ एका करसल्लागाराकडे टायपिंग करायचा, म्हणून घरात त्याला वकीलसाहेब म्हणत. तो म्हणाला, "भाऊजी, वाटा दोनच. दिवाळखोर व्हा, नाहीतर गप्प बसा."

गप्प बसणं फ्रेमवाल्याच्या रक्तात नव्हतं, तेव्हा त्याने दिवाळखोरी निवडली. हा अर्ज अत्यंत सुटसुटीत आहे. सोबत जोडायचं ते असं: मालमत्ता नसल्याचा दाखला, त्या दाखल्यासाठी भरलेल्या शुल्काची पावती, देणं फेडायची इच्छा असल्याचं एक प्रतिज्ञापत्र आणि ऐपत नसल्याचं दुसरं (दोन्हींवरची सही सारखीच यावी), हा गृहस्थ खरोखरच कफल्लक आहे अशी दोन प्रतिष्ठितांची शिफारस (ही यादी इथवर वाचणाऱ्यास स्वतःची मागील थकबाकी मान्य आहे, असं धरलं जातं), आणि अर्जाची फी, रोख.

चौदा महिन्यांनी निकाल लागला. अर्जदाराने एवढी फी भरली, त्याअर्थी तो दिवाळखोर नाही. शिवाय अर्ज पडून होता तो काळ दहा वर्षांत मोजला जाणार नाही. (शंभरातले सत्त्याण्णव अर्जदार अर्ज फेटाळल्यावर खरोखर दिवाळखोर होतात. उरलेले तीन अपिलात जाऊन होतात.)

"झालं समाधान?" बायको म्हणाली. "तेलही गेलं नि तूपही गेलं. आता तरी तोंडाला कुलूप लावा."

गप्प बसण्याचे नियम वकीलसाहेबांनी समजावले. खात्याला पत्र लिहायचं नाही. एक पैसा भरायचा नाही. कुठल्या कागदावर देणं कबूल करायचं नाही. यातलं काहीही केलं, की दहा वर्षं पहिल्यापासून सुरू.

फ्रेमवाल्याने सगळं पाळलं. नोटीस आली की तो ती मोजायचा आणि खणात टाकायचा. धंद्याची सवय, फ्रेमवाला कागद वाचत नाही, मोजतो. कुणाची पदवी असो, मानपत्र असो, त्याच्या लेखी ते तेरा बाय नऊ. बायको मात्र कॅलेंडरावर फुल्या मारत होती, आणि फुल्या वाढतील तशी तिला झोप बरी लागू लागली होती.

अठरा दिवस उरले असताना खात्याचा शिपाई दुकानात आला. फ्रेमवाल्याच्या पायाखालची जमीन सरकली.

"साहेबांचं प्रशस्तिपत्र आहे," शिपाई म्हणाला. "काच चांगली लावा, काय?"

खात्याच्या त्या शाखेला 'सौजन्यपूर्ण वसुली'साठी पहिला क्रमांक मिळाला होता. सोळा बाय बारा. नाही म्हणावं तर संशय यायचा. म्हणून फ्रेमवाल्याने दुकानातली सगळ्यात देखणी पट्टी काढली, फ्रेम स्वतः नेली आणि साहेबांच्या डोक्यामागे खिळाही स्वतःच ठोकला.

"वा! किती झाले?" साहेबांनी विचारलं.

"चारशे, साहेब."

कारकुनाने लगेच पावती पुढे केली. खात्याकडून आपल्याकडे पैसे येताहेत, हे फ्रेमवाल्याने जन्मात प्रथमच बघितलं. त्याला गहिवरून आलं. कागद आठ बाय साडेपाच होता. त्याने सही ठोकली आणि हात पुढे केला.

"पैसे?"

"जमा केले की, खात्यात."

"माझ्या खात्यात?"

"आमच्या खात्यात," कारकून म्हणाला. "चारशे थकबाकीपोटी मिळाले, बाकी बेचाळीस हजार सहाशे कबूल. वाचलं नाहीत होय? असो. आता दहा वर्षं आजपासून."

घरी येऊन तो मटकन खाली बसला. बायकोने सगळं ऐकलं, उठली आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढून ठेवलं.

फाइल एकदा वर आली की ती पुन्हा खाली ठेवायला कोण उठतो? तिसऱ्या दिवशी सकाळी बायको दुकानापाशी गेली, तेव्हा कुलपावर लाख होती. शेजारी नोटीस डकवलेली. फ्रेमवाल्याने आयुष्यात पहिल्यांदा एक कागद पहिल्या अक्षरापासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला, रस्त्यात उभं राहून, आणि लहान पोरासारखा रडला.

तुम्ही त्याला हसलात, ते रास्तच आहे. न वाचता सही करणाऱ्याला हसायचं नाही तर काय पुजायचं? तुम्ही शिकलीसवरलेली माणसं, कंसातलंही वाचता. दिवाळखोरीच्या यादीतला दुसरा कंस वाचलात ना? वाचला असेल, तर कबुली पोचली, आभारी आहोत. नुसती नजर फिरवून पुढे सरकला असाल, तर तुमचं माप आमच्याकडे आहेच. दोन्ही बाबतीत तुमची दहा वर्षं आजपासून.