लाल बटणाला हात लावायचा नाही

टक्.

पहाटेच्या शांततेत घरात पहिला आवाज होतो तो हाच. सासूबाई उठल्या, की घरातल्या बटणांवरून त्यांची फेरी निघते. बाहेरचा दिवा, टक्. गिझर, टक्. कोणीही झोपलेलं नसलेल्या खोलीतला पंखा, टक्. कधी कधी कोणी झोपलेलं असलेल्या खोलीतलाही. "चालू राहिलेली वस्तू कधी घात करेल सांगता येत नाही," हे त्यांचं ठाम मत. त्या दिवशी एक टक् जरा लांबून, ओसरीकडून आला. पण पांघरुणातून ऐकणाऱ्या सुनेनं तो मोजला नाही. तिच्या डोक्यात तेव्हा इंग्रजी आठचा आकडा फिरत होता.

नऊ वाजता तिची मोटरसायकलची परीक्षा होती. मैदानावर चुन्यानं आखलेल्या आठातून पाय न टेकता गाडी काढायची, की लायसन्स. आणि लायसन्स मिळालं, की सोमवारपासून नोकरी. रक्त तपासणाऱ्या लॅबला घरोघरी जाऊन नमुने आणणारी बाई हवी होती. "उपाशीपोटी द्यायचं रक्त असतं, सहाला निघावं लागेल. दुचाकी येत असेल तर या," एवढंच लॅबवाल्या मॅडम म्हणाल्या होत्या. मुलगी झाल्यापासून चार वर्षं ती घरात होती. हातात सुई धरायची सवय मोडली नसेल ना, ही धाकधूक तिला होतीच. पण त्याआधी हातात हँडल धरायचं होतं.

तिनं लेकीच्या नाकाचा शेंडा बोटानं दाबला. "स्टार्ट."

"भुर्रर्र," छकुली डोळे मिटूनच म्हणाली आणि चालू झाली. हे त्यांचं रोजचंच होतं. नाक दाबल्याशिवाय ती उठत नसे. बाबांनी दाबून चालत नसे. त्यांचा हात म्हणे गार असतो.

गाडी शिकवली होती नवऱ्यानं. तो कुठलीही गोष्ट शिकवतो ती मुळापासून. डबा उघडायचा असला तरी आधी झाकणाची माहिती. "हे बघ, कंपनीनं नवशिक्यांसाठी किती विचार केलाय. स्टँड खाली राहिला आणि तू गिअर टाकलास, तर इंजिन आपोआप बंद. गाडी गिअरमध्ये असताना क्लच न दाबता स्टार्टर मारलास, तर चालूच होणार नाही. आणि हे लाल बटण. गाडी पडली, अ‍ॅक्सिलरेटर अडकला, तर हे दाबायचं. सगळं ठप्प. पण ही आगगाडीची साखळी आहे. विनाकारण लाल बटणाला हात लावायचा नाही."

तिनं पंधरा दिवस हात लावला नव्हता. गाडी चालवताना तिकडे नजरसुद्धा लावली नव्हती.

ओसरीत येऊन तिनं किल्ली फिरवली. मीटरच्या काट्यांमागचा दिवा लागला. न्यूट्रलचा हिरवा ठिपका दिसला. क्लच धरून स्टार्टर दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. गाडी ढिम्म.

"अहो, जरा येता का?"

नवरा दाढीचा फेस तसाच ठेवून आला. "तू काय केलंस?"

"काहीच नाही केलं."

"काहीच न करता गाडी बंद कशी पडेल?"

"काहीच न करता ती चालू तरी कशी होईल, तेच विचारतेय."

त्यानं स्टार्टर दाबला. मग हॉर्न वाजवला. हॉर्न छान वाजला, त्यामुळे गोंधळ वाढला. "म्हणजे बॅटरी चांगली आहे," तो गंभीरपणे म्हणाला आणि बॅटरी बघायला सीट काढली.

हॉर्न ऐकून शेजारचे काका कुंपणापाशी आले. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले, त्यामुळे चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाबद्दल त्यांना फक्त दया वाटे. "पेट्रोलमध्ये पाणी असणार."

"काका, पाऊस तरी कुठे आहे?"

"पाण्याला पाऊसच लागतो असं नाही. गाडी हलवा."

दोघांनी गाडी हलवली. टाकीत डबडब आवाज आला. "ऐकलंत? पाणी," काका म्हणाले.

"पेट्रोलचाही असाच आवाज येतो ना?" तिनं विचारलं.

"पाण्याचा जास्त येतो."

मग प्लग काढून पुसला. परत लावला. मग नवऱ्याच्या लक्षात आलं, की फेस वाळून दाढी ओढली जातेय. साडेआठ वाजत आले होते. रिक्षानं मैदानावर पोचता आलं असतं, पण परीक्षा रिक्षाची नव्हती.

"धक्का मारू," काका म्हणाले. "दुसऱ्या गिअरमध्ये टाका, मी सांगितलं की क्लच सोडा."

वरात निघाली. हँडलवर ती, मागे नवरा अर्ध्या दाढीचा, त्यामागे हुकूम सोडणारे काका, आणि सर्वांत मागे छकुली, दोन्ही हात हवेत धरून, गाडीला न टेकवता जोर लावणारी. "सोडा," काका ओरडले. तिनं क्लच सोडला. गाडीनं एक उचकी दिली आणि थांबली. "सोडा." उचकी. "सोडा." असं करत सगळे गल्लीच्या टोकाला पोचले आणि गाडी साइड स्टँडवर लावून धापा टाकत उभे राहिले. काकांनी टाकीचं झाकण उघडून आत वास घेतला.

"आई, गाडीला बरं नाही का?"

"हो गं."

"मग तिचं रक्त तपास ना."

तिला हसावं की रडावं कळेना. सोमवार डोळ्यांसमोरून निघून चालला होता.

तेवढ्यात सासूबाई तिचं विसरलेलं हेल्मेट घेऊन लगालगा आल्या. तिघांच्या चेहऱ्यांकडे पाहून म्हणाल्या, "अगं, निघालीस नाही अजून? बटण चालू केलंत ना?"

"कुठलं बटण?" नवरा म्हणाला.

"ते लाल. सकाळी मी बंद केलं होतं."

काकांनी टाकीचं झाकण हळूच लावून टाकलं.

"आई, पण का?" त्यानं विचारलं.

"का म्हणजे? रात्रभर चालूच होतं की ते. हिनंच काल मला दाखवलं, ह्यानं सगळं बंद होतं, धोका राहत नाही म्हणून. घरात लहान मूल आहे, तुम्हाला काही आहे का त्याचं?"

सुनेनं ओठ चावला. काल धडा घोकताना समोर दुसरं कोणी नव्हतं, म्हणून तिनं तो सासूबाईंनाच समजावून सांगितला होता. नवशिकीनं शिकवलेली ही पहिली विद्यार्थिनी, आणि तिनं धडा अगदी मनावर घेतला होता.

बटण वर झालं. गाडी न्यूट्रलला आणून स्टार्टर दाबताच इंजिन धडधडलं. ती टांग टाकून बसली, घाईघाईत गिअर टाकला, आणि गाडी पुन्हा बंद.

"आई, परत हात लावलास?" नवरा ओरडला.

"माझे हात मागे आहेत, बघ."

"मी म्हणत होतोच, पाणी," काका म्हणाले.

नवरा पुन्हा सीटकडे वळला. ती मात्र खाली बघत होती. "अहो, राहू द्या. स्टँड खालीच आहे." तिनं तो पायानं वर केला. "हे तुम्हीच शिकवलं होतंत."

तो म्हणाला, "बघत होतो, तुझ्या लक्षात येतं का." आणि दाढी पूर्ण करायला घरी निघाला.

मैदानावर ती शेवटची पोचली. आठ काढला. एकदाही पाय टेकला नाही. परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोर गाडी थांबवली, आणि सुटल्याच्या घाईत न्यूट्रल करायचं राहून तिनं सरळ स्टँडच खाली केला. इंजिन फट्कन बंद पडलं. संपलं, असं वाटून ती तशीच बसून राहिली.

साहेबांनी कंटाळलेली मान वर केली. "सकाळपासून सगळे इंजिन चालू ठेवूनच खाली उड्या मारतायत. आधी बंद करून मग उतरणाऱ्या तुम्ही पहिल्या. पास." मग मागे रांगेकडे बघून म्हणाले, "शिका जरा."

तिनं खुलासा केला नाही.

दुपारी लॅबला फोन झाला, सोमवार पक्का झाला. सासूबाईंनी तोंडभर कौतुक केलं आणि लगेच त्या ओसरीत जाऊन आल्या. टक्. ह्या वेळी सुनेनं तो मोजला. आता ठाऊक होतं.

छकुली मांडीत येऊन बसली. तिनं आईचं बोट धरून स्वतःच्या नाकावर ठेवलं, पण दाबलं नाही.

"सोमवारी मी उठायच्या आधीच तू जाणार?"

"हो राणी. आजी असेल ना. बाबा असतील."

छकुलीनं नकारार्थी मान हलवली.

"बाबांचा हात गार असतो. आणि आजीला तर नुसतं बंदच करता येतं. मग मला चालू कोण करणार?"