म्हात्रे मास्तरांचं ‘कुठवर?’

आमच्या सहावीच्या वर्गातली सगळी पोरं वाकून आपापले घोटे धरून उभी दिसली, की नवखा माणूस धावत माझ्याकडे यायचा. ‘‘अहो, एवढी कसली शिक्षा?’’ मी कपाळाला हात लावून सांगायचो, ‘‘शिक्षा नाही हो. गणित चाललंय.’’

फाळणीनंतरची ती वर्षं. अंबरनाथला, उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पाला लागून, एका जुन्या लष्करी बराकीत आमची शाळा भरायची. मी हेडमास्तर, आणि सहावीला म्हात्रे मास्तर. माणूस मिठागराकडचा, लहानपण सगळं खाडीत गेलेलं. त्यामुळे पोरांची समज मोजायची ती पाण्यासारखी, अंगावर कुठवर चढली ते बघून, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

‘समजलं’ या शब्दाशी त्यांचं हाडवैर. पोरगं ‘समजलं’ म्हणालं की मास्तर डोळे बारीक करून विचारणार, ‘‘कुठवर?’’ मग पोरानं हातानं दाखवायचं. नुसतं कानावरून गेलं असेल तर घोटा. रीत पाठ असेल तर गुडघा. तसं का करायचं ते सांगता आलं तर कंबर. आणि शेजारच्याला शिकवता आलं, तर हात डोक्यावर. घोटा धरणाऱ्यावर ते कधी डाफरले नाहीत. उलट त्याच्यापाशी उकिडवे बसून म्हणायचे, ‘‘चल, गुडघ्यापर्यंत तरी जाऊ.’’ आणि या नादात दिवाळी आली तरी आमचा भागाकार काही संपायचा नाही!

नाद वर्गापुरता राहिला असता तर मी सोसलाही असता. पण मी सरकारी परिपत्रक वाचून बाजूला ठेवलं, की दारातून हळूच प्रश्न यायचा, ‘‘कुठवर, हेडमास्तर?’’ खरं सांगायचं तर मलाही ते घोट्याच्या वर कधी समजलं नाही. पण दारात शाळेचा शिपाई उभा असताना हेडमास्तरानं वाकून घोटा धरायचा कसा?

त्यांच्या वर्गात गोपी नावाची सिंधी मुलगी होती. बाप कॅम्पात पापड विकायचा. हिला काहीही विचारा, हात आपला डोक्यावर. ‘‘पोरगी फसवते मला,’’ म्हात्रे कुरकुरायचे. मी म्हणायचो, ‘‘एक तरी हुशार निघाली, राहू द्या की!’’

त्या वर्षी मी सातवीचा वर्ग उघडायची परवानगी मागितली होती. ती न मिळाली तर मुलगे कल्याणला जाणार आणि मुली घरी बसणार, हे ठरलेलं. गोपीच्या बापानं तर तसं बजावून ठेवलं होतं. तपासणीला शिक्षण खात्याचे दिपोटी साहेब यायचे होते. मी म्हात्र्यांना अक्षरशः हात जोडले, ‘‘आजच्या दिवस पाणी मोजू नका.’’ त्यांनी शहाण्यासारखी मान हलवली.

साहेबांनी नेमकं गोपीलाच उठवलं. ‘‘चाराला अर्ध्यानं भागलं तर?’’

‘‘आठ.’’

‘‘शाब्बास! छान समजलंय हिला.’’

आणि मागून आवाज आलाच, ‘‘कुठवर, पोरी?’’

सवयीनं गोपीचा हात डोक्यावर गेला. तिथं जरा घुटमळला. मग हळूहळू खाली आला आणि गुडघ्यावर टेकला.

‘‘उलटा करके गुणायचं, इतनंच येतं,’’ ती म्हणाली. ‘‘भागलं तर कम होना चाहिये ना? आठ कसे झाले, ते नाय समजत.’’

‘‘म्हणजे नुसती घोकंपट्टी!’’ साहेबांनी टोपी उचलली. ‘‘सहावीची ही तऱ्हा, आणि तुम्हाला सातवी हवी?’’

त्यांना फाटकापर्यंत पोचवून मी तणतणत परत आलो. बघतो तर म्हात्र्यांनी आपला डबा उघडून चार भाकऱ्या टेबलावर मांडलेल्या आणि एकेक मधोमध मोडलेली. ‘‘एकेकाला अर्धी वाढायची. किती जण जेवतील?’’ गोपी बोट ठेवून मोजत होती. ‘‘आठ!’’ ती ओरडली आणि खळखळून हसली.

मी मास्तरांना ओढतच बाहेर आणलं. ‘‘वाट लावलीत, म्हात्रे!’’

त्यांचे डोळे भरून आले होते. ‘‘हेडमास्तर, ती पोरगी घरदार सोडून आलेली. येत नाही म्हटलं तर इथूनही हाकलतील, ही तिची भीती. आज साहेबापुढं येत नाही म्हणाली. म्हणजे ही शाळा तिला आपली वाटली.’’

‘‘आणि त्यापायीच तिची शाळा सुटणार! सातवी गेली. जूनपासून ती घरी.’’

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा असा उतरला की माझं मलाच वाईट वाटलं. मग एकदम त्यांच्या खाडीकडच्या बोलीत म्हणाले, ‘‘मंग मी शिकवीन तिला सातवी. रोज, हितंच, पोरं गेल्यावर. बापाशी मी बोलतो.’’

‘‘आणि तुम्ही घरी कधी जाणार?’’ मी वैतागून विचारलं.

‘‘मना कसली घाई?’’ म्हात्रे म्हणाले. ‘‘घरी कोन हाय?’’