दुसरी बॅटरी

बद्रुद्दीन मिस्त्रीने अंगणात विमान बांधायला घेतलं तेव्हा उंद्रीत कोणी फारसं हसलं नाही, कारण ते पूर्ण होईल असं कोणाला वाटतच नव्हतं. चार वर्षांनी एका माणसापुरतं खरंखुरं विमान त्याच्या दोस्ताच्या, उकंडरावांच्या वावरात उभं राहिलं, तेव्हा सगळ्या गावाने तोंडात बोटं घातली.

विमानाला कारण होतं. बीटी कापूस आला तेव्हा आता फवारणीची कटकट संपली असं जो तो म्हणत होता. काही वर्षांत किडी परत आल्या, आणि पाठीवर पंप घेऊन फवारता फवारता औषध चढून उकंडराव कपाशीच्या ओळीतच आडवे झाले. त्यांना मोटारसायकलवर मध्ये बसवून चिखलीच्या दवाखान्यात नेलं ते बद्रुद्दीननेच. हा पंप माणसाच्या पाठीवरून काढून विमानावर चढवायचा, हे त्याने तिथल्या बाकड्यावर बसून ठरवलं. आता मृगाला दहा दिवस उरले होते. एकदा पेरणी झाली की वावरातली धावपट्टी वर्षभर कपाशीखाली जाणार होती, म्हणून विमान उडायचं तर आताच.

बद्रुद्दीनचा खरा जीव होता तो विमानातल्या स्क्रीनवर. आधी बसवलेली सहा गोल घड्याळं त्याने उपटून काढली होती. वेग, उंची, इंजिनाची उष्णता, सगळं आता एकाच रंगीत काचेवर दिसायचं.

उकंडरावांनी काचेकडे बराच वेळ पाहिलं. "बद्रुभाई, हे काच इझली त?"

"दोन बॅटऱ्या लावल्या, उकंडभाऊ. एक गेली त दुसरी आहे."

हे वाक्य त्याला स्वतःलाच इतकं आवडलं की पुढचे आठ-नऊ दिवस तो ते भेटेल त्याला ऐकवत सुटला. तिथेच चुकलं.

उकंडरावांच्या बायकोला, गोजरबाईंना मात्र बॅटऱ्यांचं कौतुक नव्हतं. नवीन गाडीला बांधतात तसं त्यांनी विमानाच्या नाकाजवळच्या नळीला लिंबू-मिरची बांधली. विमानाला नजर लागत नसते, असं बद्रुद्दीनने परोपरीने सांगून पाहिलं. वावर आपलं आहे, एवढंच त्या म्हणाल्या, आणि विषय संपला. आठ दिवस तो विमान जमिनीवर इकडून तिकडे पळवत होता, आणि आठ दिवस ते लिंबू त्याच्या नाकासमोर नाचत होतं. चाकं जमीन सोडायच्या बेतात आली की वाऱ्याने मागे उडून ते दर वेळी पत्र्याच्या एकाच खिळ्यावर टकटक करायचं. बद्रुद्दीनचं डोकं उठायचं.

रविवारी सकाळी अख्खं गाव बांधावर जमलं. बद्रुद्दीन बसला, त्याने स्क्रीन लावली. कोपऱ्यात बॅटरीचं चित्र लाल दिसत होतं. त्याने ते पाहिलं. दुसरी आहे ना, असं मनाशी म्हटलं आणि इंजिन सुरू केलं.

विमान उडालं. शाळेचं छप्पर खाली गेलं, टाकी खाली गेली, बांधावरची माणसं मुठीएवढी झाली. बद्रुद्दीनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसून त्याने समोर पाहिलं तर काच काळी होती.

त्याने दुसऱ्या बॅटरीचं बटण दाबलं. काच काळीच राहिली. पुन्हा दाबलं, मग चापट मारली. कलमा आठवायला गेला तर स्क्रीनच्या गॅरंटीची तारीख आठवली. इंजिनाला बॅटरी लागत नव्हती, ते मजेत चाललं होतं. पण वेग कमी झाला तर विमान दगडासारखं खाली येणार होतं, आणि जास्त राहिला तर वावर संपून विहीर लागणार होती. वेग सांगणारं घड्याळ बाकीच्या पाचांसोबत घरी पलंगाखाली होतं.

टकटक झाली.

बद्रुद्दीनने डोळे मोठे करून लिंबाकडे पाहिलं. त्याने विमानाचं नाक जरा वर केलं, लिंबू लोंबायला लागलं. नाक खाली केलं, लिंबू मागे जाऊन खिळ्याला लागलं. मग तो दुसरीकडे बघेचना. लिंबू खिळ्यावर धरून धरून त्याने विमान वावरात आणलं, तीन उड्या खाऊन ते विहिरीच्या अलीकडे थांबलं.

चौकशी तिथल्या तिथे झाली. गावात चौदा तासांचं लोडशेडिंग होतं. बद्रुद्दीनच्या बायकोने, नसीमाने, गल्लीतल्या सगळ्या बायांचे मोबाईल पहिल्या बॅटरीवर चार्ज करून दिले होते.

"मले वाटलं, दुसरी आहे," नसीमा म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मग सगळे दुसऱ्या बॅटरीकडे वळले. तेवढ्यात उकंडरावांनी टोपी काढून हातात घेतली. विहिरीवरच्या भुईमुगात रानडुकरं शिरत होती. दुसरी बॅटरी त्यांनी चार रात्री कुंपणाच्या झटका मशीनला लावली होती, आणि पहाटे इमानदारीने परत बसवली होती.

"म्या म्हटलं, पयली आहे," ते कसेबसे म्हणाले.

बद्रुद्दीन कोणावर चिडणार होता? लाल चित्र त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने उकंडरावांच्या डोक्यावर टोपी परत ठेवली. पाऊस आला तरी आठ दिवस पेरणार नाही, असं उकंडरावांनी तिथेच सांगून टाकलं.

पुढच्या रविवारी बॅटऱ्यांवर कुलपं होती. शिवाय बद्रुद्दीनने स्वतः जाऊन गोजरबाईंकडून लिंबू-मिरचीच्या दोन माळा बांधून घेतल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. एक तुटली तर दुसरी. ऊन मी म्हणत होतं. उडायच्या आधी नसीमाने त्याला थंडगार शरबत दिलं, त्याने ते एका दमात पिऊन टाकलं आणि तो विमानात बसला.

उजवीकडे लिंबू होतं. डावीकडे दोऱ्याला नुसत्या मिरच्या लोंबत होत्या.

त्याने वळून नसीमाकडे पाहिलं. ती रिकामा पेला पदराने पुसत होती.

"दोन होते ना जी," ती म्हणाली.