सतरा नंबरचा सांधा

सतरा नंबरच्या खांबावरचा सांधा तिसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. रामोनाची बस चारची होती. सहाला तिची लेक शाळेच्या मंचावर डोक्यावर बाटल्या रचून नाचणार होती आणि पहिली बाटली आईनेच ठेवायची असं ठरलं होतं.

वादळात झाड पडून फायबरची केबल तुटली होती. तीन ते सतरा नंबरच्या खांबांमध्ये नवी केबल टाकून ती दोन्ही टोकांना जुनीला जोडायची होती. तीन नंबरचा सांधा तपासनीस डॉन एलिहिओंनी स्वतः जोडला होता, सतराचा रामोनाने. सांध्यात पॉइंट दहा डेसिबलपेक्षा जास्त प्रकाश वाया गेला, तर डॉन सही करत नसत.

"पॉइंट पंचवीस," तीन नंबरकडच्या केबिनमध्ये तेरेरेच्या गार काढ्याचा घोट घेत डॉन म्हणाले. "आणि माझा बघ. उणे पॉइंट बारा! प्रकाश घटायचा सोडून वाढतोय. बत्तीस वर्षांचा हात आहे, मुली." त्या आलेखाचा कागद त्यांनी भिंतीवर चिकटवलाही होता.

"वाढेल कसा, डॉन? तुम्ही आत दिवा लावलाय का?"

"जळू नकोस. काप आणि परत जोड."

"आता कापलं तर सांध्याच्या डब्यात जोडायला तार उरणार नाही. मग उद्यावर जाईल सगळं." तिने घड्याळ पाहिलं. "अहो, यंत्र मोजतं तो परत आलेला उजेड. जुनी तार आणि नवी तार तो सारखा परतवत नाहीत. दुसऱ्या टोकाकडूनही मोजून सरासरी काढा."

"दुसरं टोक डोन्या डेल्फिनाच्या दुकानामागे. ती झोपलीय. या गावात बारा ते तीनमध्ये कुणी मेलं तरी तीननंतर कळवतात. म्हणून तर आपण कायम याच टोकाकडून मोजतो."

रामोनाने तपासणी यंत्र उचललं आणि मोटरसायकल सुरू केली. डॉन "अगं, अगं" करत मागे बसले.

तिने डोन्या डेल्फिनाचं दार हळूच वाजवलं. कुत्रा भुंकला. त्याला शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं, त्याला पलीकडच्या दोघांनी. पाच मिनिटांत सगळी गल्ली चुरगळलेल्या कपड्यांत रस्त्यावर आली.

"आग लागलीय का?" डोन्या डेल्फिनाने विचारलं.

"नाही. उजेड मोजायचाय."

"भर दुपारी? बाहेर पडलाय तेवढा पुरत नाही?"

पण दुकानामागच्या केबलपेटीची किल्ली मिळाली. यंत्राभोवती गल्ली दाटली. पडद्यावर रेघ उमटली आणि सतरा नंबरपाशी चक्क वर चढली.

"उणे एकवीस," रामोना म्हणाली. "तिकडून अधिक पंचवीस. बेरीज चार, निम्मे दोन. पॉइंट शून्य दोन."

"पास!" डॉन ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "मी म्हणतच होतो, पोरीचा हात चांगला आहे." त्यांनी पेन काढलं.

"आणि ही पुढची पायरी कसली?" डोन्या डेल्फिनाने पडद्यावर बोट ठेवलं. "केवढी खाली गेलीय!"

रामोनाने पायरीचं माप वाचलं. मग अगदी हळू म्हणाली, "तीन नंबर. अडतीस."

"तिकडून किती होते?"

"उणे बारा."

चाळीस वर्षं दुकान चालवलेल्या बाईला कागद लागला नाही. "अडतीसातून बारा गेले सव्वीस, निम्मे तेरा. दहाच्या वर. नापास! कुणाचाय हो हा?"

डॉननी पेनाचं टोपण लावलं. "रामोना, तुझा हात आज बसलाय. तेवढा एक सांधा..."

"माझी बस, डॉन."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग झोपमोड झालेल्या गल्लीकडे. सतराच्या कागदावर सही केली आणि शिडी मागवली.

चारची बस रामोनाला घेऊन तीन नंबरच्या खांबाजवळून गेली. वर डॉन एलिहिओ घाम पुसत होते. खाली गल्लीने खुर्च्या मांडल्या होत्या, तेरेरे हातोहात फिरत होतं आणि डोन्या डेल्फिना मांडीवर यंत्र घेऊन बसली होती.

"घाई नको, डॉन," ती वर ओरडली. "झोप तर गेलीच आमची. दोन्हीकडून मोजू!"