तिसऱ्या बाकावरची रात्र

चौगुले गुरुजींच्या वर्गात तिसऱ्या बाकावर कायम रात्र असायची.

बाहेर कोल्हापूरचं साडेअकराचं ऊन कौलांवर तापत असायचं, पण त्या बाकापाशी पोरं चवड्यांवर चालत. जगातल्या वेळा गुरुजी अशाच शिकवत. एकेक बाक म्हणजे एकेक गाव. दाराशी टोकियो, तिथं दुपारचे तीन. खिडकीजवळ लंडन, तिथं नुकतं उजाडलेलं. लंडनच्या दिन्याला गृहपाठ विचारला, तर तो डोळे चोळत म्हणाला, "गुरुजी, मी आत्ता उठलोय की." गुरुजींना ते पटलं. माझा चित्रकलेचा वर्ग भिंतीपलीकडेच. मी असतो तर पट्टीच दाखवली असती.

तिसरा बाक टोरांटोचा, कायम रिकामा. एकदा तपासणीला आलेले साहेब नेमके तिथंच टेकायला गेले. गुरुजी कुजबुजले, "साहेब, हळू. तिथं रात्रीचा एक वाजलाय." बिचाऱ्यांनी सगळी तपासणी उभ्यानंच उरकली.

टोरांटोला गुरुजींची एकुलती एक लेक सुमन नर्स होती. दोन वर्षांत तिचा आवाज त्यांच्या कानावर पडला नव्हता. ट्रंक कॉल लावा, असं मी कितीदा सुचवलं. सकाळी म्हणायचे, ही तिची निजायची वेळ. संध्याकाळी म्हणायचे, आता कामावर निघायची घाई असेल. साऱ्या जगाची घड्याळं पाठ असलेल्या या माणसाला लेकीशी बोलायला एक घटका सापडू नये, याचं मला हसू यायचं आणि रागही.

मग एके दिवशी, तास सुरू व्हायच्या जरा आधी, तिचं पत्र आलं. वाचून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. वर्षभर रात्रपाळीच आहे, असं तिनं लिहिलं होतं. एकच्या सुमाराला सगळे पेशंट झोपतात, मग मी खिडकीशी बसते. तिकडं तुमचा तास चालू असेल. पोरांचा गलका आठवून बघते, पण तो आता नीटसा आठवत नाही.

गुरुजींनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

"मास्तर, पोरगी जागी हाय," ते म्हणाले. "आन् मी हितं वर्षभर पोरांना गप्प करतोय."

घंटा झाली. पलीकडून त्यांचा आवाज आला, आज टोरांटोपाशी पाय आपटत चाला. पोरांना तेवढंच हवं होतं. माझ्या वर्गात कुणाची रेघ सरळ येईना. इतक्यात गुरुजी दारात आले, डोक्यावर टोपी, हातात सायकलची किल्ली. टपाल कचेरीत फोन लावायला निघाले होते.

"जरा वर्गाकडं बघा," ते म्हणाले. "गप्प मात्र करू नका."