एक गोल आणि तीन रेघा

माणूस आरशात स्वतःला ओळखेलच याची खात्री नाही, पण कागदावर एक गोल आणि त्यात तीन रेघा दिसल्या की तो छातीवर हात मारून सांगतो, "हा मीच!" हे मानसशास्त्रीय सत्य सिद्ध करण्याचा मान एका कार्यालयातल्या चित्रकाराला मिळाला, आणि त्यापायी त्याची नोकरी जायची वेळ आली.

कार्यालयात दुपारच्या झोपेचं प्रमाण वाढल्यामुळे (कामाचं प्रमाण मोजण्याची सोय नव्हती) साहेबांनी भिंतीवर लावायच्या प्रबोधनपर चित्राचा आदेश काढला. चित्रकार हंगामी. चित्र पसंत पडलं तर कायम, नाहीतर नारळ. कुणाशीच साम्य नको म्हणून बिचाऱ्याने फाईलवर टेकलेला नुसता गोल काढला. मिटलेल्या डोळ्यांच्या दोन रेघा, तोंडाची एक.

संध्याकाळपर्यंत तक्रारींचा पाऊस! हिशेबनीस म्हणाला, "हे टक्कल माझंच." टंकलेखिका म्हणाली, "केस नसले म्हणून काय झालं, मान माझ्यासारखीच कलंडलीय." रजेवरच्या शिपायाने चित्र न बघताच फोनवरून निषेध नोंदवला. एकूण शंभर टक्के कर्मचारी दुखावले (झोपलेले उठल्यावर दुखावले).

साहेब कडाडले, "उद्या मला असा चेहरा हवा, जो इथल्या कुणाचाच वाटणार नाही. नाहीतर परवापासून येऊ नका."

घरी चित्रकाराने ताट बाजूला सारून सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही नुसते डोळे काढा ना. कुणाचे उघडायला कशाला जाता?" पण त्याचं डोकं फिरलं होतं. जायचंच आहे तर मन मोकळं करून जाऊ, असं ठरवून त्याने साक्षात साहेबच काढले. कानातले केस, हनुवटीखालची दुसरी हनुवटी, नाकाच्या शेंड्यावर आलेला चष्मा, आणि उघड्या तोंडातून ओघळत फाईलवरच्या सहीपर्यंत पोचलेली लाळ. एकेका केसाला स्वतंत्र रेघ दिली.

सकाळी साहेबांनी कागद हातात घेतला. 

साहेब पोट धरून हसले. "काय ध्यान आहे! असला माणूस आपल्याकडे असणंच शक्य नाही." मग नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा वर ढकलून त्यांनी चित्रकाराला कायम करून टाकलं.

चित्र भिंतीवर लागलं. हिशेबनीसाला त्यात मेहुणा दिसला, टंकलेखिकेला नवरा. तक्रार एकही आली नाही. झोपही कमी झाली नाही.

वाचता वाचता तुमच्याही डोळ्यांपुढे कुणीतरी आलंच असेल, आणि ते तुम्ही नसाल. म्हणजे चित्र हुबेहूब उतरलंय.