सागवानाचा तिसरा शत्रू

जुन्या लाकडाला शत्रू तीन: वाळवी, पाणी आणि माणूस. पैकी पहिल्या दोघांवर बांधकाम खात्याकडे इलाज नसल्यामुळे तिसऱ्याचा बंदोबस्त तातडीने करावा, असं १९५८ साली ठरलं.

दारव्ह्याबाहेर कापसाच्या व्यापारातल्या एका गोऱ्या साहेबानं बांधलेला बंगला सरकारकडे आला होता. त्यातलं मूळ सागवानी काम जपायला ओव्हरसियर धर्मपालची नेमणूक झाली. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून या माणसानं घरात जुनं म्हणून काही ठेवलं नव्हतं. (खात्यात नेमणुका अशाच विचारपूर्वक होतात.) पण काम अंगावर पडलं की धर्मपाल त्यात जीव ओतायचा. या खोडीचा त्रास त्याला स्वतःलाच जास्त व्हायचा.

हाताच्या घामानं दाराच्या मुठी काळ्या पडतात, म्हणून त्यानं दारं उघडणं बंद केलं. उन्हानं लाकूड तडकतं, म्हणून खिडक्याही. जिना चढण्यानं झिजतो हे ध्यानात येताच जिन्याला दोरी बांधली. तपासणीला आलेले साहेब व्हरांड्यात खाटेवर झोपले आणि ‘संवर्धन उत्तम’ असा शेरा देऊन, सर्दी घेऊन गेले. वाळवी तेवढी आत सुखानं नांदत होती. तिला आता कुणाचाच उपद्रव नव्हता.

एके दिवशी फुलसावंगीहून त्याची आई तुळसाबाई आली. तिचा नवरा उकंडा हयातभर याच दारांना जवसाचं तेल लावत आला होता, पण फक्त बाहेरच्या बाजूनं. आतली बाजू खानसाम्याकडे असे. ती दारं आतून कशी दिसतात हे उकंडानं कधी पाहिलं नाही. तुळसाबाईला ते एकदा पाहायचं होतं.

धर्मपालनं मोठ्या प्रेमानं पायरीवर सतरंजी अंथरली.

"अंदर नाही नेत का रे मले?"

"लाकूड लय जुनं हाय, माय. उंबरठा झिजते."

तुळसाबाई सतरंजीवर बसली. "तुह्या बापाले खानसामाबी बाहेरच ठेवे," ती शांतपणे म्हणाली. "पण तो लाकडाचं नाव नव्हता सांगत."

धर्मपालला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं किल्ली काढली, खांदा लावून फुगलेलं दार ढकललं आणि मायचा हात धरला. तिनं उंबरठ्यावर पाऊल ठेवलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. धर्मपालला ते दिसलं नाही. तिनं वहाणा काढल्यात की नाही, हे तो पाहत होता.

त्याला हसायला हरकत नाही. पुढं तोही स्वतःला पुष्कळ हसला. हसणाऱ्यांनी फक्त एवढंच खरं सांगावं: तिनं वहाणा काढल्या होत्या का, हे आता तुम्हालाही विचारायचंय ना?